बोटभर वर

पुंगळीच्या तोंडाशी एक बारीक काळा डाग होता, आणि अंगठ्यानं कितीही घासला तरी तो जात नव्हता, उलट अंगठाच काळा होत चालला होता... टेबलाच्या कडेखाली धरलेली ती काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी आपण खिशातून कधी काढली, हेच त्याला आठवेना. समोरच्या खुर्चीतल्या बाई खाकरल्या. तपासणीची जड चौकट नाकावर घेऊन त्या भिंतीवरच्या अक्षरांकडे बघत केव्हाच्या थांबल्या होत्या, आणि बिचाऱ्यांना वाटत असणार की चष्मेवाले आपल्या डोळ्यांविषयी काहीतरी गंभीर विचार करताहेत.

त्यानं पुंगळी पांढऱ्या कोटाच्या खिशात टाकली, बोट फडक्याला पुसलं आणि चौकटीतलं भिंग बदललं.

"आता बरं दिसतंय, की मघाशी?"

"मघाशी," बाई म्हणाल्या. मग, "नाही, आता. थांबा हं, पुन्हा एकदा मघाचं दाखवा बघू."

तो दाखवत राहिला. सगळ्यांचं असंच होतं. दोन भिंगांत फरक अगदी थोडा उरला की माणसाचा स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा उडतो, आणि मग तो चष्मेवाल्याच्या चेहऱ्यात उत्तर शोधायला लागतो. या गोष्टीचं त्याला इतकी वर्षं मनातल्या मनात हसू यायचं. आज आलं नाही. सकाळपासून तो स्वतः तेच करत होता — हे दाखव, ते दाखव, पुन्हा पहिलं दाखव — आणि त्याला उत्तर विचारायला समोर कुणाचा चेहराही नव्हता.

सांगायचं तर गोष्ट एवढीशीच होती. काल रविवारी सासरे आणि दोन्ही मेहुणे यांच्याबरोबर तो नेहमीसारखा शिकारीला गेला होता, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच त्याची गोळी हरणाला लागली होती. इकडे शिकारीला बंदी नव्हती, परवाना होता, हंगाम चालू होता, कुणी बोट दाखवावं असं त्यात काही नव्हतं. धाकट्या मेहुण्यानं पुंगळी उचलून त्याच्या खिशात घातली होती, "ठेवा दाजी, पहिलीवहिली आहे." थोरल्यानं पाठीवर अशी थाप मारली होती की ती जागा अजून ठणकत होती. दोघं मनापासून खूश होते, आणि ते खूश होते म्हणूनच त्याला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. कारण इतकी वर्षं दाजींचा नेम चुकतो असं ते समजत आले होते, आणि दाजींचा नेम चुकत नव्हता. दाजी तो चुकवत होते.

आणि चुकवणं काही सोपं काम नाही. नुसतं कुठंतरी झाडून दिलं तर गोळी भलतीकडे लागायची, जनावर जखमी होऊन पळायचं, मग दिवसभर त्याच्या मागावर फिरा. नीट चुकवायचं तर आधी नीट नेम धरावा लागतो. नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी हरणाच्या खांद्यामागे बरोबर आणायची, श्वास सोडायचा, आणि चाप ओढता ओढता ती बोटभर वर उचलायची, एवढीच, मागे बसलेल्या माणसाला कळू नये इतकी. गोळी पाठीवरून निघून जायची. हरीण उसळून झाडीत दिसेनासं व्हायचं. मेहुणे कपाळावर हात मारायचे, आणि परतताना थोरला न चुकता म्हणायचा, "दाजी, गावाला चष्मे लावता, एकदा स्वतःचा नंबर तपासा की." तोही हसायचा. त्या हसण्याची त्याला सवय झाली होती, आवडही.

मग जायचंच कशाला? बायकोनं सुरुवातीला विचारलं होतं, नंतर विचारेनाशी झाली. त्याला लहानपणापासूनच वडील नव्हते. सासऱ्यांना — घरात सगळे त्यांना दादाच म्हणत — बोलायची फारशी हौस नव्हती, पण पहाटेच्या गारठ्यात झाडीआडच्या लपणात शेजारी बसून थर्मासच्या झाकणातला चहा ते आधी त्याच्या हातात द्यायचे आणि मग स्वतः घ्यायचे. उजेड हळूहळू वर यायचा. कुणी काही बोलायचं नाही, आणि न बोलण्याबद्दल कुणाला काही वाटायचंही नाही. त्याला तो रविवार हवा होता, हरीण नको होतं, आणि हे असं कुणाला सांगण्यासारखं नव्हतं म्हणून त्यानं बोटभर वर उचलण्याची तोड काढली होती.

हे माहीत होतं ते फक्त मुलीला. ती लहान असताना दादांच्या अंगणातल्या पडवीत उलटं टांगलेलं हरीण बघून आजारी पडायच्या बेताला आली होती, आणि तिला कडेवर घेऊन घरी येताना त्यानं तिच्या कानात सांगून टाकलं होतं, की बाबाची गोळी कधीच लागत नाही. बाबा मुद्दाम बोटभर वर मारतो. ती रडायची थांबली होती. पुढे दर रविवारी संध्याकाळी तो दारात आला की ती एक बोट वर करायची, तोही एक बोट वर करायचा, आणि बायको म्हणायची, काय हे बापलेकीचे चाळे. आता मुलगी कॉलेजात होती, वादविवादात भल्याभल्यांना गप्प करत होती, शिकार करणाऱ्यांना जाहीरपणे नावं ठेवत होती, पण बोट काही सुटलं नव्हतं. काल तो दारात उभा राहिला तेव्हाही तिनं हसून बोट वर केलं... आणि त्याच्या बाहीवर रक्त होतं, आणि त्यानं दोन्ही हात मागे नेले.

"झालं का हो?" बाई म्हणाल्या.

"झालं, झालं. चार दिवसांनी या."

दुपारी शेजारचा न्हावी आला. त्याच्याकडे बातमी पोचली होती. न्हाव्याकडे बातमी पोचली नाही असं कधी झालं आहे? त्यानं खुर्ची ओढून घेतली आणि पुन्हा पुन्हा विचारलं, "पडलं तेव्हा कसं वाटलं?" लोकांना एवढंच ऐकायचं असतं. शेताची नासाडी, जंगलातली वाढलेली हरणं, झाडांच्या कुरतडलेल्या साली, हे सगळं ते ऐकून घेतात, माना डोलावतात, आणि मग आवाज खाली आणून हेच विचारतात. त्यानं खांदे उडवले. म्हणाला, "कसं वाटणार? वाईटच वाटतं." न्हाव्यानं समजूतदारपणे मान हलवली, आणि त्याला आपल्या कानाच्या पाळ्या तापल्याचं जाणवलं. भर दुपारी, दुकानाच्या सगळ्या आरशांतून, लाल कानांचा एक पोक्त माणूस त्याच्याकडे बघत होता.

कारण वाईट वाटलं नव्हतं.

हरीण हललं होतं का, नळी उचलली होती का, यावर तो रात्रभर विचार करील असं त्याला वाटलं होतं, पण तो चक्क गाढ झोपला होता. सकाळी उठला तो भूक लागून. हलण्याचा प्रश्न आज, उजेडात, सुरू झाला. तेव्हाचं आठवायला जावं तर आधी ओली पानं आठवत, मग माशी खांद्यामागे येऊन बसलेली, मग श्वास सोडलेला... आणि मग हरणानं मान वर केली, किंवा नाही केली, किंवा ते एक पाऊल पुढे चढावर आलं आणि म्हणून त्याची पाठ बोटभर वर आली. असं होऊ शकतं. चढ होताच तिथं. पण त्याच्यानंतरचं मात्र आठवावं लागत नव्हतं; ते तो स्वतःलाच सांगत होता. हरणाचे पुढचे पाय दुमडले, आणि माझ्या छातीत काहीतरी मोकळं झालं — कधी बंद केलं होतं तेही मला ठाऊक नव्हतं — आणि मी हसलो. मोठ्यानं. माझ्या गळ्यातून तो आवाज याआधी कधी निघाला नव्हता. थोरला मेहुणा धावत पुढे गेला होता, त्यानं ऐकलं नसेल. दादा मागेच होते.

गोळी चुकून लागली असेलही. पण हसू चुकून येतं का?

आणि एवढं कमी होतं म्हणून की काय, संध्याकाळी दादांकडे जेवण होतं. त्यांच्या घरची ही रीत होती: मांस एक दिवस ठेवायचं, दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी एकत्र बसायचं, आणि पहिला घास घेण्याआधी दादांनी, ज्याच्या गोळीनं जनावर पडलं त्याला, सगळ्यांसमोर विचारायचं — का मारलंस? त्यानं उत्तर द्यायचं. उत्तर दिल्याशिवाय ताटाला कुणी हात लावायचा नाही, आणि एकदा दिलेलं उत्तर पुन्हा द्यायचं नाही. दादांना ही रीत त्यांना शिकार शिकवणाऱ्या म्हाताऱ्यानं घालून दिली होती म्हणे. मेहुण्यांची उत्तरं तो इतकी वर्षं ऐकत आला होता. थोरला भाजीपाल्याचं नुकसान, रोगराई, संख्या, असं सगळं सरकारी अहवालासारखं सांगायचा. धाकटा एकदा म्हणाला होता, दादांनी शाबास म्हणावं म्हणून. आणि त्या दिवशी दादांनी आधी त्याला वाढलं होतं. त्या टेबलाशी आजवर तोच एकटा सुखी होता, कारण त्याला कुणी कधी विचारलं नव्हतं.

सकाळी चहाच्या वेळी मुलगी म्हणाली होती, "चुकून लागली ना, बाबा?"

तो फडताळात चमचा शोधत होता. चमचा समोरच होता. "उशीर होतोय मला," तो म्हणाला होता.

तिनं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "मीपण येते संध्याकाळी आजोबांकडे. खाणार नाही. ऐकायला येते."

दुकान बंद करताना त्यानं उत्तरांची जुळवाजुळव केली. जंगलाशी नातं. मांस खायचंच तर स्वतः मारण्याचा प्रामाणिकपणा. कुलूप लावून किल्ली खिशात टाकेपर्यंत दोन्ही वाक्यं छान घोटून तयार झाली होती, आणि ती मुलीसमोर उच्चारायची म्हटल्यावर त्याला स्वतःच्या तोंडाची किळस आली.

दादांच्या स्वयंपाकघराला लागून लांबट टेबल होतं. मधोमध मोठं झाकलेलं पातेलं, त्याच्या झाकणातून वाफ येत होती, आणि त्या वासानं त्याच्या तोंडाला पाणी सुटलं, ते त्यानं कुणी बघत असल्यासारखं चोरून गिळलं. थोरल्यानं त्याला ओढून दादांच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं. बायको आज नीट नटली होती. आपल्या नवऱ्यालाही माहेरी एकदाचा मान मिळतोय, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, आणि त्याला तिचीही लाज वाटली, म्हणजे तिच्यासमोर स्वतःची.

मुलगी समोर बसली. तिच्या ताटात नुसती भाजी होती.

"काय गं, आज शत्रूच्या गोटात?" धाकटा म्हणाला.

"कारणं गोळा करायला आलेय. पुढच्या वादविवादाला लागतील."

"मग लिहून घे," थोरला म्हणाला. "जंगलात हरणं उदंड झालीत. रोपटं म्हणून वाढू देत नाहीत. आपण नाही मारली तर हिवाळ्यात उपाशी मरतात. मग काय चांगलं?"

"मामा, तुम्ही हरणांवर उपकार करायला पहाटे उठता?"

धाकटा खो खो हसला. थोरला हसला नाही. "आणि तुझ्या पायातल्या चपला कशाच्या आहेत?"

"चामड्याच्या. बरोबर आहे तुमचं, मला त्याचं वाईटही वाटतं. पण चपला घेतल्या म्हणून मी कुणाला पाठीवर थाप मारायला सांगत नाही." तिचा आवाज जरा मऊ झाला. "मला एवढंच कळत नाही. जंगल बघायचं तर बघता येतं. बरोबर बसायचं तर बसता येतं. मांस कोपऱ्यावर मिळतं. हे सगळं वजा केलं तर मागं काय उरतं, ते कुणी का सांगत नाही?"

त्यानं पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. मागं काय उरतं ते त्याला माहीत होतं. काल सकाळी ते त्याच्या गळ्यातून मोठ्यानं बाहेर पडलं होतं.

"तिचं बरोबर आहे," दादा म्हणाले. "म्हणून तर विचारायची रीत आहे. उत्तर सापडलं असतं तर एकदाच विचारून भागलं असतं." ते खुर्चीत त्याच्याकडे वळले. त्यांच्या नाकावर त्यानंच गेल्या महिन्यात बनवून दिलेला नवा चष्मा होता, आणि त्यामागचे म्हातारे डोळे फार शांत होते. "जावईबापू, का मारलंत?"

मुलगी त्याच्याकडे बघत होती. ती बाजू घ्यायला तयार बसली होती. त्यानं फक्त एक शब्द बोलायचा अवकाश होता. दोन्ही घोटलेली वाक्यं त्याच्या जिभेवर आली आणि तिथंच मेली. मग त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला.

"नेम चुकला," तो म्हणाला.

क्षणभर कुणाला कळलं नाही, आणि मग टेबल हास्यानं दणाणलं. धाकट्याला ठसका लागला. "दाजी, मानलं बुवा. इतकी वर्षं नेम धरून लागेना, आणि चुकला तेव्हा लागला." बायको डोळे पुसत हसत होती. तो विनोद पुढे कितीतरी वर्षं त्या घरात चालणार होता, हे त्याला तेव्हाच दिसलं. मुलगी एकटी हसली नव्हती. तिचा चेहरा कडेवरून घरी येतानाच्या लहान मुलीसारखा सैल झाला होता. तिला उत्तर मिळालं होतं. ते खोटंही नव्हतं, कदाचित. आणि कालपासून छातीवर असलेलं ओझं आता हलकं होईल म्हणून तो वाट बघत राहिला.

दादाही हसले नव्हते. त्यांनी झाकण बाजूला केलं, आणि म्हणाले, "जेवा."

तो जेवला. मागून घेऊन जेवला.

तो हात धूत असताना दादा पंचा घेऊन मोरीजवळ आले. बाहेर मेहुण्यांचा गलका चालला होता. त्यांनी पंचा त्याच्या हातात दिला, पण लगेच गेले नाहीत.

"चुकणाऱ्या माणसाच्या गोळ्या चहूकडे जातात," ते म्हणाले. "तुमच्या कायम एकाच जागी जायच्या. खांद्यामागे, बोटभर वर."

तो हात पुसत राहिला. बोटं कोरडी झाली तरी पुसत राहिला.

"पहिल्या वर्षीच कळलं होतं मला. म्हटलं, असू दे. माणूस येतो, शेजारी बसतो, पुष्कळ झालं. पोरांना काही बोललो नाही." दादांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि पुन्हा घातला. "काल ते हललं नव्हतं. तुम्ही आज जे बोललात ते पोरीसाठी बोललात, तेही बरंच केलंत. पण मी मागेच होतो. स्वच्छ दिसत होतं मला."

"दादा, मी..."

"हसलात तुम्ही. ऐकून बरं वाटलं. मला वाटायचं, एवढ्या वर्षांत आपण या माणसाला काहीच देऊ शकलो नाही." त्यांनी त्याच्या दंडावर हात ठेवला, अगदी हलका. "लाजायचं काय त्यात? मी कुणाला सांगणार नाही. येत्या रविवारी येताय ना?"

"येतो," तो म्हणाला. प्रश्न संपायच्या आत म्हणाला.

बायको आवराआवर करून मागून येणार होती. तो आणि मुलगी चालत निघाले. रस्त्यावरचे दिवे लागले होते, दुकानदार पट्ट्यांची दारं खाली ओढत होते, आणि हवेत गारवा होता. मुलीनं त्याच्या कोटाच्या बाहीत हात अडकवला. कालपासून पहिल्यांदाच.

"मला ठाऊकच होतं," ती म्हणाली. "सकाळी सांगायला काय झालं होतं रे तुला? मी रात्रभर जागी होते. काय काय मनात आलं माझ्या."

"काय आलं?"

"जाऊ दे. सांगायचीसुद्धा लाज वाटते." ती खरोखरच ओशाळली होती. बापावर संशय घेतला म्हणून तिचा चेहरा उतरला होता, आणि तो उतरलेला चेहरा तिनं त्याच्या खांद्याला टेकवला. त्याला वाटलं, आता. आत्ता सांगितलं नाही तर ही लाजही हिच्याच वाट्याला जाईल, जी माझी आहे. शब्द अवघड नव्हते. ते हललं नव्हतं, आणि मला आनंद झाला. दोनच तर वाक्यं होती. मग पुढे काय होईल ते होईल. ती हात काढून घेईल, काही दिवस बोलणार नाही, पण मागं काय उरतं ते निदान कुणीतरी तिला सांगितलेलं असेल.

"बाबा, आता सोडून दे ना ते," ती म्हणाली. "किती दिवस उचलत राहणार नळी? एखाद्या वेळी असं होणारच. आता जाऊच नकोस."

"तसं नाही गं," तो म्हणाला. "दादांचं वय झालंय. मी गेलो नाही तर त्यांना वाईट वाटेल."

ती थोडा विचार करून म्हणाली, "हो, तेही खरंच."

ते कारण त्यानं जुळवलं नव्हतं. ते कुठूनसं आपोआप आलं होतं, गुळगुळीत, तयार, त्यात खोटं असं काहीच नव्हतं, आणि थोरल्या मेहुण्याच्या कुठल्याही कारणापेक्षा ते चांगलं होतं. दिवसभर त्याला हरणाची लाज वाटली होती, मग हसण्याची, मग जेवल्याची. त्या सगळ्या लाजा आता मागे पडल्या होत्या, आणि कोटाच्या बाहीतला तिचा विश्वासू हात तसाच राहावा म्हणून तो अगदी सरळ, जपून चालत होता, आणि हवा अशीच गार राहिली तर रविवारी पहाटे धुकं असेल का, याचा विचार करत होता.